मारिओचं गाणं एवढं पळतंय कशाला?

भाऊबिजेला निपाणीला ताईकडं गेलो होतो. जेवणं झाली, दाजी आडवे झाले, आणि मी भाच्याच्या लॅपटॉपवर त्याला 'आमचा' मारिओ दाखवायला बसलो. तीस वर्षांपूर्वी बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरी सुट्टीभर हाच खेळ चालायचा. पहिल्या पाच मिनिटांत मी चार वेळा मेलो. त्यातला एक जीव तर अगदी पहिल्या शत्रूनं घेतला, तो तपकिरी, बुटका, डुलत येणारा. भाच्यानं शांतपणे विचारलं, "मामा, तू डोळे झाकून खेळायचास म्हणून सांगत होतास की?"

मी म्हातारपणाचं काहीतरी कारण शोधत होतो, तोवर स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "हे गाणं एवढं पळूलंय कशाला रे?"

ताईनं पडद्याकडं बघितलंही नव्हतं. तिनं फक्त कानांनी ओळखलं, आणि तिचं बरोबर होतं. गाणं खरंच पळत होतं. नुसतं गाणं नव्हे, शत्रू, उड्या, घड्याळ, सगळंच. लहानपणीचा खेळ आज पुन्हा खेळून 'छे, यात काही दम नाही' किंवा 'फार अवघड होता बुवा' असं म्हणण्याआधी एक गोष्ट तपासावी लागते: आपण तोच खेळ खेळतोय का? बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असं येतं.

आधी वेगाचं बघू. टीव्हीवर चित्र हलतं म्हणजे एका सेकंदात अनेक स्थिर चित्रं एकामागून एक काढली जातात. जपान-अमेरिकेतल्या जुन्या टीव्हीवर ती साधारण 60 निघत, आपल्याकडच्या टीव्हीवर 50. वेगळ्या देशांत टीव्हीच्या वेगळ्या पद्धती होत्या, तिकडची एनटीएससी आणि आपली पाल. मारिओ चालायचा ते निंटेंडोचं मशीन जपानात 1983 साली आलं. त्यातल्या बहुतेक खेळांना वेगळं घड्याळ ठाऊकच नसे. पडद्यावर एक चित्र काढून झालं की प्रोग्रॅम एक पाऊल पुढं जायचा: मारिओ थोडा सरकला, शत्रू थोडा सरकला, गाण्याचा पुढचा तुकडा वाजला. तेलाच्या घाण्यासारखं समजा. बैलाचा एक फेरा झाला की ठरावीक तेल निघतं. बैल सावकाश चालला तर तेलही सावकाश निघणार, त्यात घाण्याचा काही दोष नाही.

आपल्याकडं खडेबाजारातून, गणपत गल्लीतून जी 'टीव्ही गेम' यायची, ती बहुतेक त्या जपानी मशीनची नक्कल असायची. आपल्या टीव्हीवर चित्र नीट उमटावं म्हणून ती 50 च्या ठोक्यावर बांधलेली असत. आतली कॅसेट मात्र 60 साठी लिहिलेल्या प्रोग्रॅमची. युरोपातही 50 चेच टीव्ही होते, पण तिथं निंटेंडोनं स्वतः विकलेल्या मारिओत हा फरक भरून काढायला वेग वाढवून दिला होता. आपल्याला कोण देणार? म्हणून आपण सगळ्यांनी जो मारिओ खेळला तो मूळ मारिओच्या सहा भागांपैकी पाच भाग वेगानं चालायचा.

हा फरक केवढा, ते पहिल्या पातळीच्या घड्याळावरून कळतं. वर कोपऱ्यात 400 आकडा असतो आणि तो उतरत जातो. आम्ही ते सेकंद समजायचो. ते सेकंद नव्हेत. 24 चित्रं झाली की आकडा एकानं कमी होतो. म्हणजे 60 च्या ठोक्यावर तुम्हाला 160 सेकंद मिळतात आणि 50 च्या ठोक्यावर 192. जपानी पोरापेक्षा आम्हाला बत्तीस सेकंद जास्त मिळत होते, आणि शत्रू अंगावर यायलाही तेवढ्याच हिशेबानं जास्त वेळ लागायचा. आज इंटरनेटवर मिळणारा एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम, सहसा 60 वर चालतो. आमच्या बोटांना सवय 50 ची. बोटं म्हातारी झाली असतीलही, पण सगळा दोष त्यांचा नाही.

गाण्याची गंमत तर अजून वेगळी. आवाज काढणाऱ्या चिपचा वेग दोन्ही मशीनांत जवळजवळ सारखा, म्हणून सूर तेच राहतात, फक्त लय बदलते. कॅसेट प्लेअरचे सेल उतरले की गाण्याचा आवाज जाडा व्हायचा, तसं इथं होत नाही. कोजी कोंडोनं बांधलेलं तेच गाणं आमच्या वाट्याला थोडं विलंबित आलं, एवढंच. कुमार गंधर्वांचं सुळेभावी आमच्या शेजारचं, तेव्हा लय चुकलेली ताईला ऐकू आली यात नवल नाही.

काही एम्युलेटरांत मशीनचा 'प्रदेश' निवडता येतो. त्यात जपान-अमेरिका आणि युरोप यांच्याबरोबर कधीकधी 'डेंडी' असा तिसरा पर्याय दिसतो. डेंडी हे रशियात 1990 च्या दशकात खपलेल्या अशाच एका नकली मशीनचं नाव. भारताचं नाव तिथं नसतं, पण आमचं मशीन त्याच जातकुळीतलं. मी तो पर्याय लावला. ताई पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "हां, आता बरोबर."

वेगानंतर चित्राचं. भाच्याची पहिली तक्रार हीच होती की सगळं चौकोनी-चौकोनी आहे आणि मारिओ जाडा आहे. जाडेपणाचा उपाय सोपा: जुने टीव्ही जवळजवळ चौकोनी, चाराला तीन, आणि आजचे सोळाला नऊ. चित्र ताणून पूर्ण पडदाभर पसरलं की मारिओ एक तृतीयांश रुंद होतो. सेटिंगमध्ये जाऊन ताणणं बंद करायचं, बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्यायच्या.

चौकोनांचं कारण जरा खोल आहे. त्या मशीनचं चित्र आडवं 256 आणि उभं 240 ठिपक्यांचं. एवढेच ठिपके आजच्या मोठ्या सपाट पडद्यावर ताणले की प्रत्येक ठिपका फरशीसारखा दिसणार. जुन्या जाड डब्याच्या टीव्हीत काचेच्या आतून इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीओळीनं फिरायचा, तो जिथं पडेल तिथला लेप चमकायचा, आणि ती चमक कडेला जराशी सांडायची. त्यात आम्ही टीव्हीच्या मागची अँटेनाची वायर काढून तिथंच गेमची वायर खुपसायचो आणि खुंटी फिरवत बसायचो. त्या वायरीतून येताना रंग एकमेकांत थोडे मिसळत. हे सगळं धूसरपण चित्रकारांना माहीत होतं. शेजारी-शेजारी दोन रंगांचे ठिपके ठेवले की टीव्हीवर मधला तिसरा रंग दिसेल, हे धरूनच ते चित्र काढत. आजचा पडदा इतका स्वच्छ आहे की ती सगळी लबाडी उघडी पडते. रंगमंचावरचा मेकअप दिवसाच्या उन्हात बघितल्यासारखं होतं.

बदकं मारायचा खेळ आठवतो? बंदूक टीव्हीवर रोखायची, चाप ओढला की पडदा क्षणभर लुकलुकायचा, आणि बदक पडायचं किंवा कुत्रा हसायचा. आम्हाला वाटायचं बंदुकीतून काहीतरी टीव्हीकडं जातं. प्रत्यक्षात उलट होतं. बंदुकीतून काही निघत नाही, बंदूक नुसती बघते. चाप ओढला की पडदा एक क्षण काळा होतो, पुढच्या क्षणी फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि नळीतला प्रकाश ओळखणारा डोळा 'उजेड दिसला का' एवढंच मशीनला सांगतो. हा सगळा कारभार चित्राच्या अचूक वेळेवर बेतलेला. आजचा सपाट टीव्ही आलेलं चित्र आधी घासूनपुसून मग दाखवतो, तेवढ्यात वेळ निघून जाते. म्हणून माळ्यावरची ती बंदूक नव्या टीव्हीला जोडली तर एकही बदक पडणार नाही. बंदूक मात्र बिघडलेली नाही.

तोच उशीर मारिओच्या उडीलाही नडतो. बटण दाबल्यापासून उडी दिसेपर्यंत एक दशांश सेकंद गेला तर 60 च्या हिशेबात सहा चित्रं निघून गेली, तोवर खड्ड्यात. बऱ्याच टीव्हीत 'गेम मोड' असतो, तो लावला की टीव्ही घासपूस कमी करतो. जुना खेळ 'हातात बसत नाही' असं वाटलं तर आधी हे करून बघा.

एवढी झाडलोट केल्यावर खरा प्रश्न शिल्लक राहतो: खेळ चांगला होता का?

मारिओबद्दल माझं मत स्पष्ट आहे, तो टिकला. 1985 चा हा अख्खा खेळ 40 किलोबाइटमध्ये बसतो. सकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर येणारं फुलांचं 'शुभ प्रभात' चित्र त्याहून जड असतं. जागा इतकी कमी की आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, नुसता रंग बदललेला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून खेळ लावून बघितला होता. तुम्हीही बघाल. अशा टंचाईत जे ठेवलं ते निवडून ठेवलं. पहिला शत्रू समोरून येतो, उडी मारली नाही तर मरता, आणि पुन्हा सुरुवात अगदी काही पावलांवरून होते, म्हणून शिकायला किंमत पडत नाही. पुढं मशरूम निघतो, तो उजवीकडं जाऊन पाइपला आपटून परत तुमच्याकडंच येतो, वर विटांचं छप्पर असल्यानं उडी मारून चुकवणंही अवघड. घाबरून पळणाऱ्यालाही तो लागतो, आणि कळतं की हा शत्रू नाही. खेळ बनवणाऱ्या शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी एक शब्द न लिहिता हे शिकवलं. आमच्या गावात पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात यावर माणसांची आयुष्यं गेली, आणि हा खेळ मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी सगळ्या घरांतल्या पोरांना पाटीशिवाय कळत होता.

काँट्रा हा गोळीबाराचा खेळ मात्र नुसत्या आठवणीत जास्त चांगला आहे, असं मला वाटतं. दोघांनी मिळून खेळण्यात मजा आजही आहे, पण 'गोळी दिसलीच नाही' ही आमची जुनी तक्रार खरी निघाली. त्या मशीनला एका आडव्या ओळीत आठच हलत्या आकृत्या काढता येत. नववी आली की ती गायब. मग एकच आकृती कायमची नाहीशी होऊ नये म्हणून प्रोग्रॅमर क्रम फिरवत ठेवत, आळीपाळीनं सगळ्याच लुकलुकत. ऐन लढाईत गोळ्या लुकलुकायच्या त्या यामुळं. वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, बी, ए, आणि स्टार्ट दाबलं की तीस जीव, हा मंत्र आमच्या गल्लीत पाढ्यांआधी पाठ झाला होता. काझुहिसा हाशिमोतो नावाच्या प्रोग्रॅमरनं तो आधी ग्रेडियस या खेळात घातला होता, कारण तपासणीसाठी खेळताना त्याला स्वतःचाच खेळ जमेना. अवघड खेळ बनवणाऱ्यालाही अवघड होता, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.

ते खेळ इतके अवघड का असत, याचंही साधं कारण आहे. कॅसेटमध्ये जागा थोडी, म्हणून खेळ लहान. सरळ खेळत गेलं तर तासाभरात संपेल. मग पैसे देणाऱ्याला महिनाभर पुरवायचा कसा? त्याला मारत राहायचं. पुढं कुठं पोचलो ते जतन करायची सोयही बहुतेक खेळांत नव्हती. त्या काळातलं आमचं लोडशेडिंग त्यात धरा. सातव्या दुनियेत पोचल्यावर लाईट गेली की मारिओ परत पहिल्या पातळीवर. आज एम्युलेटरमध्ये कुठंही थांबून जतन करता येतं, मागं फिरवता येतं. काहींना ती चोरी वाटते. मला वाटत नाही. लोडशेडिंगचं वीस वर्षांचं येणं आहे ते.

व्हिडिओ गेम पार्लरमधल्या मशीनचं अर्थशास्त्र आणखी उघड होतं. तिथं नाणं पडल्याशिवाय काही होत नसे, म्हणून खेळाचं कामच मुळी तुम्हाला दोन-तीन मिनिटांत बाहेर काढणं. किती जीव द्यायचे, खेळ किती अवघड ठेवायचा हे मालकाला मशीनच्या आत ठरवता यायचं. 'त्या दुकानातला मुस्तफा सोपा आहे' असं पोरं म्हणायची, ते खरं असू शकत होतं. मुस्तफा म्हणजे कॅपकॉमचा 1993 चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. मुस्तफा हे त्यातल्या चौघांपैकी एकाचं नाव, पण आपल्याकडं अख्ख्या खेळाला तेच चिकटलं. आमच्या इथं मशीनभोवती गर्दी करून पोरं "होडी, होडी!" असं ओरडायची. कन्नडमध्ये त्याचा अर्थ 'मार!'. पुण्याहून आलेला माझा आतेभाऊ बराच वेळ पडद्यावर पाण्यातली होडी शोधत होता.

आज घरी बसून अमर्याद नाणी टाकत मुस्तफा खेळलो तर एका बैठकीत संपतो आणि अर्ध्यावर कंटाळा येतो. खेळ वाईट आहे म्हणून नव्हे. खिशात दोनच नाणी असणं हा त्या खेळाचा भाग होता, आणि तो भाग कुठल्या फाइलीत येत नाही. मी आता स्वतःला तीनच नाण्यांची मर्यादा घालतो. विश्वास ठेवा, चित्र तेच, पण खेळ एकदम जिवंत होतो. दुर्दैवानं हा खेळ सरळ मार्गानं मिळवणं कठीण. तो एका कॉमिकवर आधारलेला, म्हणजे हक्क दोघांत वाटलेले. 2018 साली कॅपकॉमनं आपल्या जुन्या मारामारीच्या खेळांचा संच काढला, त्यात मुस्तफा नव्हता. अमेरिकेत 2023 साली व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं पाहणी केली, तेव्हा तिथं 2010 च्या आधी निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के बाजारात मिळत नसल्याचं दिसलं.

आता माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान असलेल्यांचं. त्यांचं लहानपण म्हणजे सायबर कॅफे, व्हाइस सिटी, आयजीआय. इथं निकाल जरा कडक लागतो. सपाट, ठिपक्यांची चित्रं म्हातारी होत नाहीत, जशी वारली चित्रं होत नाहीत. सुरुवातीची त्रिमितीय चित्रं मात्र लवकर म्हातारी झाली, कारण ती खऱ्यासारखं दिसायचा प्रयत्न करत होती आणि खऱ्याची व्याख्या दर वर्षी पुढं सरकत होती. त्यात कॅमेरा कुठं ठेवायचा, बंदूक कशी रोखायची याचे नियम अजून ठरायचे होते. 2002 च्या व्हाइस सिटीत शहर, गाड्या, रेडिओ आजही झकास. पण खेळण्यातल्या हेलिकॉप्टरनं इमारतीत चार बॉम्ब ठेवायचं ते मिशन घ्या. हेलिकॉप्टर चालवायला कीबोर्डच्या उजव्या बाजूच्या आकड्यांच्या कळा लागायच्या. भाच्याच्या लॅपटॉपला त्या कळाच नाहीत. 2000 च्या आयजीआयमध्ये मिशनच्या मध्ये जतन करता येत नाही, आणि तिथं माझं लोडशेडिंगचं औदार्यही संपतं.

जुन्या खेळाला नवा रंग देण्यातही धोका असतो. 2021 साली व्हाइस सिटी आणि तिच्या मागच्या-पुढच्या दोन खेळांची सुधारलेली आवृत्ती निघाली आणि इतकी ओरड झाली की कंपनीला माफी मागावी लागली. त्यातल्या सॅन अँड्रियासमधली एक चूक मोठी शिकण्यासारखी आहे. मूळ खेळात लांबवर धुकं असायचं, कारण मशीनला दूरचं काढायची ताकद नव्हती. नव्या मशीनला ताकद होती, म्हणून धुकं काढून टाकलं. मग उंचावरून बघितलं तर तीन शहरं, वाळवंट आणि डोंगर सगळं एका नजरेत, एखाद्या तालुक्याएवढंही नाही. धुक्यामुळं ते राज्य वाटत होतं. आषाढात येळ्ळूरच्या राजहंसगडावर ढग उतरलेले असताना गेलात तर गड केवढा वाटतो, आणि उन्हाळ्यात तोच गड केवढासा.

कॅसेटचंही सांगून टाकतो, कारण दिवाळीच्या आवरासावरीत ती हमखास सापडते. फुंकर मारू नका. फुंकरीनं ती चालू व्हायची हा आमचा सगळ्यांचा समज. खरं काम व्हायचं ते काढून पुन्हा बसवल्यानं, कारण तांब्याच्या पट्ट्या पुन्हा नीट टेकायच्या. तोंडातली वाफ उलट त्या पट्ट्यांना गंज आणते, त्यात आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं हलकं पुसा आणि वाळू द्या. आणि त्यावर '9999 खेळ' लिहिलं असेल तर हुरळू नका. आत थोडेच खेळ असतात, पुढचे आकडे म्हणजे तेच खेळ वेगळ्या पातळीवरून किंवा वेगळ्या नावानं सुरू केलेले. आम्ही एका सुट्टीत ओळीनं तीनशेपर्यंत तपासले होते.

निपाणीला त्या संध्याकाळी 50 च्या ठोक्यावर मी पहिली दुनिया एकही जीव न गमावता पार केली. ताई मागं उभी राहून "पाइपात जा, पाइपात जा" करत होती. मग भाच्यानं लॅपटॉप ओढून घेतला, दोन मिनिटं खेळला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मामा, हे अडकूलंय. मघाचं पळतं तेच लाव की."

मी परत 60 वर केलं. तो तिसऱ्या पातळीपर्यंत गेला.